उतारावरचा ट्रक आणि गार पेटी

नसीरभाई मुलाणींचा ट्रक जन्मात पहिल्यांदा सपाट जमिनीवर बंद पडला, तो माझ्या अंगणात आणि माझ्यामुळे.

आदल्या संध्याकाळी नसीरभाई आणि त्यांची बायको हुस्नबानो आमच्याकडे लोणावळ्याला मुक्कामाला आले होते. सकाळी वहिनींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं आणि तिथून ट्रकातला तांदूळ पुढे पोचवायचा होता. मी मोठ्या प्रेमाने म्हटलं, "ट्रक बाहेर रस्त्यावर कशाला? आत घ्या. फरशी घातलीय, एकदम सपाट." नसीरभाईंनी त्या फरशीकडे अशा नजरेने बघितलं, की जणू मी त्यांना विहिरीत उतरायला सांगतोय.

"सपाटीला नगं, भाऊ."

"अहो, उतारावर दगड लावत बसायचं काही कारण आहे का?"

यजमानाचं किती वेळा मोडायचं, म्हणून बिचाऱ्यांनी ट्रक आत घेतला. ते हातपाय धुवायला गेले आणि मी माळ्यावरून फ्रीज काढला.

हा फ्रीज म्हणजे वरून झाकण उघडणारी एक चौकोनी पेटी. गाडीच्या बॅटरीवर चालते. माझ्या मुलाला, अतुलला, पवना धरणाच्या काठी तंबू ठोकून राहण्याची हौस आली होती, तेव्हा त्याने ती घेतली. हौस एका शनिवारात फिटली, अतुल नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि पेटी आमच्याकडे राहिली. माझ्या बायकोने, सविताने, तिचा उपयोग लोणच्याच्या बरण्या ठेवायचा चौरंग म्हणून केला. आता मी ती नसीरभाईंना द्यायची ठरवली होती. का, ते सांगतोच.

मी ती ट्रकाच्या सिगारेट पेटवायच्या भोकात जोडली. दिवा लागला, घरघर झाली आणि थोड्या वेळाने पेटी बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा बंद. मग मी चष्मा लावून तिच्यासोबत आलेलं पुस्तक वाचलं. त्यात एक बटण होतं: बॅटरी किती उतरल्यावर फ्रीजने आपण होऊन थांबायचं, हे ठरवणारं. मी ते सगळ्यात खाली नेलं. म्हणजे फ्रीज शहाणा होता, तो बंद पडून मला काहीतरी सांगत होता, आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. वर घरातल्या सगळ्या पाण्याच्या बाटल्या आत भरल्या आणि थंडाव्याचा आकडा जाईल तितका खाली नेला. फ्रीज सकाळपर्यंत इमानाने चालला.

सकाळी नसीरभाईंनी सेल्फ मारला. 'टक्'. वाईट वाटल्यावर आपण टाळ्याला जीभ लावून आवाज काढतो, तेवढाच.

"बॅटरी उतरली," नसीरभाई म्हणाले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी, दूधवाला आणि शेजारचा माळी असे तिघं ट्रकाला खांदे लावून उभे राहिलो. ट्रक वीतभर पुढे जायचा आणि, आपलं काही विसरलंय असं आठवल्यासारखा, वीतभर मागे यायचा. शेवटी सगळी पोती उतरवून माझ्या ओसरीवर रचली, रिकामा ट्रक फाटकाबाहेर ढकलला आणि तिथल्या उतारावर तो खोकत खोकत सुरू झाला. तोवर डॉक्टरांची वेळ निघून गेली होती. हुस्नबानो वहिनी पोत्यांवर बसून माझ्या बाटलीतला बर्फ वितळायची वाट बघत होत्या.

"पानी मातुर लय गार झालंय हां, भाऊजी," त्या म्हणाल्या. ही समजूत होती की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही.

नसीरभाई कार्ल्याचे. त्यांच्या गाडीला सगळं जग टेंपो म्हणतं. मीही पहिल्या भेटीत टेंपो म्हणालो होतो, तर त्यांनी माझ्या दारात टेकवलेलं इंद्रायणी तांदळाचं पोतं परत खांद्यावर घेतलं होतं. "टेंपो भाजीचा असतो, भाऊ. ह्यो ट्रक हाये." तेव्हापासून मी ट्रक म्हणतो आणि तांदूळ मिळतो. ट्रकाच्या मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत 'फलक' एवढंच लिहिलेलं आहे. ते त्यांच्या मुलीचं नाव. हमरस्त्यावरच्या निम्म्या लोकांना वाटतं की पेंटर पाटी रंगवून मजकूर लिहायला विसरला.

नसीरभाईंच्या लेखी जगात दोन प्रकारच्या जागा आहेत: उतार असलेल्या आणि वाया गेलेल्या. ट्रक जुनाच घेतला, बॅटरी पहिल्यापासून अशक्त, त्यामुळे गाडी लावायची ती नाक खाली करून. सकाळी दगड काढायचा, गाडी सोडायची, क्लच सोडायचा, गाडी चालू. चहा ते चहासाठी पीत नाहीत, हॉटेलापुढच्या उतारासाठी पितात. मुलगी बघायला इंदुरीला गेले तेव्हाही म्हणे त्यांनी आधी दारापुढचा उतार बघितला.

"आन मी बगितलं," वहिनी सांगतात, "का मानूस खाली उतराया तयारच न्हाई. मला वाटलं पायात काय खोट हाये."

हिवाळ्यात मावळातला तांदूळ घेऊन बोरघाट उतरायचा, कोकणात विकायचा. चैत्र-वैशाखात तसंच खाली देवगडपर्यंत जायचं आणि येताना आंबा भरून आणायचा. आठवडा-आठवडा ट्रकातच मुक्काम. फलक लग्न होऊन गेल्यापासून शेजारच्या सीटवर हुस्नबानो वहिनी असतात. भाव त्या करतात, कारण नसीरभाईंना कुणी "जरा कमी करा की" म्हटलं की ते लगेच करतात. शिवाय क्लीनरही त्याच. म्हणजे ट्रक मागे घेताना खाली उतरून मागे उभं राहायचं आणि पत्र्यावर थापा मारायच्या. एक थाप म्हणजे येऊ द्या, लागोपाठ दोन म्हणजे थांबा. त्यांच्या थापेशिवाय नसीरभाई मागे येत नाहीत. आरसा आहे, पण त्याचा उपयोग ते दाढी नीट झाली का हे बघायला करतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

गेल्या दिवाळीनंतर तांदूळ घेऊन आले तेव्हा ट्रक मागे घेताना माझ्या फाटकाचा उजवा खांब गेला. वहिनी मागेच उभ्या होत्या. थाप एकच पडली होती. नसीरभाई घाईघाईने खाली उतरले आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "माजा पाय घसरला." वहिनी त्या खांबाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात लावून बघितला.

त्या दिवशी मी ट्रकाची मागची बाजू पहिल्यांदा नीट पाहिली. उजव्या कोपऱ्यावर ओरखडेच ओरखडे, आणि त्यांवर हाताला लागेल तो रंग फासलेला: हिरवा, बैलाच्या शिंगांना लावतात तो शेंदरी, थोडा घराच्या दाराचा. डावी बाजू नव्यासारखी.

"गंज चढतो उजवीकडनं," नसीरभाई वहिनींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.

मग डॉक्टर झाले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर येत नाही, आहे ती राखायची. त्यासाठी रोज निजताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, न चुकता. आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, उन्हात तापू द्यायची नाही. बाटली करंगळीएवढी. पण घरचा फ्रीज कार्ल्यात आणि वैशाखातली ट्रकाची केबिन म्हणजे भट्टी. थर्मासात बर्फ घालून बघितला, तर बाटली एकदा गोठली आणि एकदा पाण्यात पोहताना तिचं झाकण निघालं. वहिनी म्हणाल्या, "ह्या साली तुमी एकलेच जावा देवगडला." नसीरभाईंनी ते ऐकलं आणि दोन दिवस जेवण सोडल्यासारखे वागले. मला हे कळलं, माझ्या नजरेसमोर लोणच्याच्या बरण्यांखालची ती पेटी आली, आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

सपाटीवरच्या त्या प्रकारानंतर नसीरभाईंनी फ्रीज घ्यायचं नाकारायला हवं होतं. पण ते कुणाला नाही म्हणत नाहीत, आणि मी चुका सुधारायला निघालेला माणूस होतो, म्हणजे फारच धोकादायक. आंबा सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. आम्ही दोघं कामशेतला झुबेरच्या बॅटरीच्या दुकानात गेलो.

झुबेर म्हणजे नसीरभाईंच्या मावसबहिणीचा मुलगा. त्याच्या दुकानात बसायला खुर्ची नाही, बॅटऱ्याच आहेत.

"मामू, साधं काम हाये," तो म्हणाला. "इन्व्हर्टरची बॅटरी टाका सीटमागं. ट्युब्युलर. घरातला फ्रीज, पंखा, टीव्ही ओढती ती. ही पेटी म्हणजे तिला सुपारी."

बॅटरी उंचीला लहान पोराएवढी होती. मी तिच्यावर थाप मारली. मला बॅटरीतलं काही कळत नाही, पण कलिंगड घेताना आपण मारतो तशी मारली. नसीरभाईंनीही मारली. दोघांनाही आवाज पसंत पडला. बॅटरी सीटमागे, पोत्यांना टेकवून बसवली.

पहिली फेरी लोहगडवाडीची होती. तिथल्या टपऱ्यांना, गडावर येणाऱ्या पोरांच्या जेवणासाठी, तांदूळ लागतो. मीही सोबत गेलो. चढाला ट्रकाने नाक वर केलं की बॅटरी मागे झुकायची, वळणाला बाजूला. या उंच बॅटऱ्या घराच्या कोपऱ्यात आयुष्य काढायला केलेल्या असतात, लोहगडाची वळणं त्यांना कुठून माहीत असणार? वर पोचलो तेव्हा केबिनमध्ये आंबट वास येत होता आणि बॅटरीच्या झाकणांतून अ‍ॅसिड पाझरून शेजारच्या पोत्याला गेलं होतं. गोणपाटाची चाळण झाली होती. नसीरभाईंनी पोतं उचललं आणि तांदळाची धार लागली. टपरीवाल्याच्या कोंबड्या इतक्या वेगाने आल्या, की त्या आमच्या मागावरच असाव्यात.

"ह्ये तांदूळ खाल्ल्यावर कोंबड्या सेल्फवर चालू व्हतील," टपरीवाला म्हणाला. नसीरभाईंनी घाबरून सगळे दाणे गोळा केले, पाण्यात सोडले आणि कोंबड्या दिवसभर बऱ्या आहेत ना, हे विचारायला त्याला दोनदा फोन केला.

बॅटरी झुबेरकडे परत गेली. तो म्हणाला, "मी घाटाचा विचारच केला न्हाई." त्याचं दुकान घाटाच्या तोंडाशी आहे.

मग मला ओंकारची आठवण झाली. ओंकार पवनेच्या काठी तंबू भाड्याने देतो. अतुलची हौस फिटली ती त्याच्याच तंबूत. त्याच्याकडे दिवे, गाणी, फ्रीज सगळं सूर्यावर चालतं. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि समजावलं, "काका, टेन्शनच नाही. ट्रकच्या टपावर सोलर पॅनल. दिवसभर चार्ज, रात्रभर कूलिंग. इंजिनचा संबंधच नाही."

मला हे फार आवडलं. सूर्य फुकट आहे आणि तो बंद पाडणं माझ्या हातात नाही. मी नसीरभाईंकडे बघितलं. ते त्या चकाकणाऱ्या काळ्या पत्र्याकडे बघत होते.

"ह्यो तवा उनात पायजे?"

"हो, फुल उन्हात. सावली अजिबात नको."

"आन आंबा?" नसीरभाई म्हणाले. "आंबा भरला का ट्रक सावलीत लागतो. उनात लावला तर देवगडला आंबा आन कार्ल्याला मुरांबा. तवा उनात, आंबा सावलीत. मी काय दोन ट्रक घिऊ?"

ओंकार विचारात पडला. मग तो म्हणाला, "तुम्ही आंब्याऐवजी दुसरं काही नाही का आणू शकत?"

आम्ही चहा पिऊन परत निघालो. मला हळूहळू त्या सगळ्या प्रकरणाची मांडणी दिसायला लागली होती. इंजिनाला उतार पाहिजे, आंब्याला सावली पाहिजे, पत्र्याला ऊन पाहिजे, बॅटरीला सपाटी पाहिजे, आणि या सगळ्यांच्या मधोमध ती करंगळीएवढी बाटली, तिला फक्त गारवा पाहिजे. देवाने या सगळ्या गोष्टी केल्या, पण एका ट्रकात बसतील अशा केल्या नाहीत.

"तुमाला तरास झाला, भाऊ," नसीरभाई म्हणाले. मी त्यांच्या पोत्यांना भोकं पाडली होती, वहिनींची डॉक्टरांची वेळ घालवली होती, आणि त्रास मला झाला होता.

"वहिनींना उजव्या बाजूचं अजिबात दिसत नाही का?" मी विचारलं. एवढे दिवस विचारलं नव्हतं.

त्यांनी गिअर बदलला. "उजवीकडचं मी बघतो. आरशात. डावीकडचं ती बघती. ती थाप मारती, मी उजवीकडं बघून घेतो आन मग येतो." पुढच्या वळणाला म्हणाले, "तुमच्या खांबाला मला वाईच उशीर झाला. तिला म्हाईत न्हाई हे. सांगू नगा."

दाढीचा आरसा!

आम्ही तिसऱ्यांदा झुबेरच्या दुकानात गेलो तेव्हा त्याचाही चेहरा पडलेला होता. घरचं काम आणि फसलेलं. या खेपेला तो बॅटऱ्यांवर बसून मोबाइलमध्ये व्हिडिओ बघत राहिला. मग उठला. ट्रकाची जुनी बॅटरी तशीच ठेवली. तिच्या शेजारी दुसरी बसवली, ठेंगणी, सीलबंद, आडवी पडली तरी न सांडणारी, आणि लोखंडी पट्टीने खाली आवळली. दोन्हींच्या मध्ये एक रिले. इंजिन चालू असलं की रिले दोघींना जोडणार, दोघी चार्ज होणार. इंजिन बंद झालं की तोडणार. मग पेटीने आपल्या बॅटरीचं काय वाटेल ते करावं, ट्रकाच्या बॅटरीला हात लागणार नाही. सिगारेटच्या भोकाची बारीक वायर काढून टाकली, जाड वायर थेट ओढली. आणि पेटीचं ते शहाणपणाचं बटण झुबेरने स्वतः वर नेलं.

"ह्याला हात लावू नका," तो म्हणाला. कुणाकडेही न बघता म्हणाला, पण दुकानात पुस्तक वाचणारा मी एकटाच होतो.

ट्रक माझ्याकडे आणून सपाट फरशीवर उभा केला, पेटी संध्याकाळी लावली, सकाळी सेल्फ मारला. ट्रक एका झटक्यात सुरू झाला. पेटीत बाटली गार, गोठलेली नाही. सविताने साखर वाटली. वहिनींनी पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माज्या डोळ्याला यवढा थाट! दोन बॅटऱ्या तर आमच्या आमदाराच्या गाडीला नसत्याल." नसीरभाई हसले. फाटकाबाहेर पडल्यावर मात्र त्यांनी ट्रक पुन्हा उतारावरच लावला. सवय.

देवगडच्या आधी चाचणी म्हणून पेणची फेरी ठरली. एक मुक्काम. तांदूळ द्यायचा आणि परत यायचं.

आता कार्ल्याची एक रीत सांगायला हवी. गावातली गाडी घाट उतरणार असली की ती गावाची गाडी होते. कोकणात कुणाची लेक दिलेली, कुणाचा भाऊ नोकरीला. पिशवी, डबा, निरोप, काहीतरी गाडीतून जातंच. नेणाऱ्याने पैसे घ्यायचे नसतात आणि नाही म्हणायचं नसतं. आजवर चटणी जायची, पापड जायचे, टिकतील अशा वस्तू. पण नसीरच्या ट्रकात गार पेटी आली ही बातमी गावात ट्रकाच्या आधी पोचली होती.

सकाळी निघायच्या वेळेला शेजारच्या सरूबाई किटली घेऊन उभ्या. त्यांची म्हैस व्याली होती. चीक काही विकत नाहीत, वाटतात. त्यांची सृष्टी पेणला दिलेली, पहिलटकरीण, माहेरच्या म्हशीचा चीक तिने लग्नापासून चाखला नव्हता. नासतो म्हणून कधी पाठवताच आला नव्हता.

"आता काय, तुमच्या गाडीत फ्रीजच हाये म्हनं," सरूबाई म्हणाल्या.

किटली पेटीत गेली. तेवढ्यात मारुती आला. त्याच्या मेव्हण्याकडे पेणला हळद होती आणि त्याला द्यायला मटण होतं. सरूबाईंच्या गळ्यात माळ. चिकाशेजारी मटण ठेवलेलं त्यांना कळलं असतं तर त्यांनी म्हैस विकली असती. मग मटण खाली, वर केळीचं पान, पानावर ताट, ताटावर किटली, किटलीभोवती हळदीसाठीचे मोगऱ्याचे गजरे. झाकण बसेना. नसीरभाईंनी वरून हलकेच बूड टेकवलं आणि कडी लावली.

हे मला नंतर कळलं. फेरीहून परतताना दोघं माझ्याकडे थांबले, तेव्हा मी फाटकातच उभा होतो.

"काय म्हणते बॅटरी?"

"एक नंबर," नसीरभाई म्हणाले. "दोन दिवस पेटी बंद न्हाई पडली. ट्रक सेल्फवर चालू. चीक असा गार, का सृष्टीची सासू म्हनाली, आत्ताच काढलाय जनू. मटन बी झ्याक."

"आणि थेंब?"

नसीरभाईंनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पदराला बांधलेली गाठ सोडली. आत ती बाटली होती, एकदा ओल्या केलेल्या हातरुमालात गुंडाळलेली. रुमाल खडखडीत वाळला होता. बाटली गरम होती. हाताला लागल्यावर चटका बसावा इतकी नव्हे, पण उन्हातल्या चिंचोक्यासारखी.

"जागाच न्हवती, भाऊजी," त्या म्हणाल्या. "झाकन लागंना. म्हनून मी बाटली भाईर काडली, वल्या रुमालात बांदून म्होरं काचेपाशी ठिवली. वारं लागतं तितं."

"काचेपाशी? उन्हात?"

"मला काय म्हाईत का वारं बी गरमच हाये! डोळ्याला दोन बॅटऱ्या हायेत, त्यो आपला खुशाल."

नसीरभाईंना हे पेणला पोचल्यावर कळलं होतं. निजताना त्यांनी पेटी उघडली, रिकामी, बर्फासारखी गार, आणि बाटली वहिनींच्या पदरात. त्यांनी तेच गरम थेंब त्यांच्या डोळ्यांत घातले. दुसरं करणार काय? एकदा तापलेलं औषध परत गार करून काय उपयोग, म्हणून बाटली पदरातच राहिली.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ती बाटली टाकून द्या, नवी घ्या, आणि हा खेळ बंद करा. नजर तपासली तर उजवीकडचा काळोख आणखी थोडा आत सरकलेला निघाला. त्या एका फेरीने नव्हे, तो आपला सरकतच होता, डॉक्टर म्हणाले. पण नसीरभाईंच्या मनात ते आणि काचेपाशी ठेवलेली बाटली एकत्र शिवली गेली ती गेलीच.

आंबा सुरू झाला. देवगडचे बागवाले फोन करत राहिले. नसीरभाई त्यांना "व्हय, येतो की" म्हणत राहिले, कारण नाही म्हणता येत नाही, आणि गेले मात्र नाहीत. ते आता सकाळी निघून दिवेलागणीला परत येता येईल तेवढंच जातात: खोपोली, फार तर पेण. आंबा तिथल्या अडतीवरून घेतात, जो मिळेल तो. निजायच्या आधी कार्ल्यात, घरच्या फ्रीजपाशी. गावाचे डबे जातातच, ते आपले चटणी-पापडांचे.

वैशाखाच्या शेवटी ते पेटी परत द्यायला आले. ट्रक मागे घेतला. वहिनी मागे उभ्या होत्या, एक थाप पडली. नसीरभाईंनी उजव्या आरशात बघितलं, थांबले, पुन्हा बघितलं आणि मग आले. माझा नवा खांब वाचला. वहिनी सविताबरोबर आत गेल्या. आम्ही दोघांनी पेटी उतरवून फरशीवर ठेवली. ती तिथे लोणच्याच्या बरण्यांची वाट बघत बसली.

मला फार लागून राहिलं होतं. एवढ्या खटपटीने जमलेली दोन बॅटऱ्यांची मांडणी, रिले, जाड वायर, आणि देवगड गेलंच. मी म्हटलं, पेटीला कुलूप लावू. ते हसले. मी म्हटलं, गावाला दुसरी पेटी घेऊन देऊ, एक डब्यांना आणि एक थेंबांना. ते म्हणाले, मग दुसरीत बी डबेच जात्याल. मी म्हटलं, मी येतो सोबत आणि झाकणावर बसतो. ओंकारचा पत्रा बघताना बघितलं होतं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

शेवटी मी जे बोलायला नको होतं ते बोललो. "नसीरभाई, पुढच्या वर्षी तुम्ही एकटेच जा ना देवगडला. वहिनी इथे राहतील, आमच्याकडे. थेंब सविता घालेल. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. बॅटरी चांगली आहे, सेल्फ चालू आहे, आरसा आहे. अडतंय कुठे?"

नसीरभाईंनी ट्रकाच्या उजव्या कोपऱ्यावरचा शेंदरी रंग अंगठ्याने जरा खरवडला.

"आन मागं कोन बघनार?"